तीन बॅच बिघडल्या, आता यंत्र घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वर्षभर वाचून, व्हिडिओ बघून तुम्ही घरी बिअर करायला घेतली. माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) तयार अर्कापासून वीस-वीस लिटरच्या तीन बॅच झाल्या. पहिली पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर. तिला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आणि घशाला चटका. दुसरी स्टाउट, म्हणजे काळसर बिअर, तिला कच्च्या सफरचंदाचा वास. तिसरी गव्हाची, तिची बाटली उघडली की अर्धी बिअर फेसातच वाहून जाते, आणि एक बाटली तर कपाटात फुटली. आता तुम्ही विचारताय की थेट धान्यापासून बिअर करणारं इलेक्ट्रिक यंत्र घ्यावं, की हा छंद आपला नाही असं समजून थांबावं.

उत्तराआधी एक काम. त्या तिसऱ्या बॅचच्या उरलेल्या बाटल्या आजच हाताळा, उद्यावर टाकू नका. जाड हातमोजे घाला, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावा, बाटल्यांवर जाड टॉवेल टाकून त्या हळूच फ्रिजमध्ये ठेवा. थंड द्रवात वायू जास्त विरघळून राहतो, त्यामुळे बाटलीतला दाब उतरतो. दोन दिवसांनी एकेक बाटली सिंकमध्ये, टॉवेलखाली धरून बूच अगदी किंचित उचला, वायू सुटू द्या, मग पूर्ण उघडा. फुटलेल्या काचेचा तुकडा डोळ्यात गेला तर काय होतं हे सांगायला नको. घरात मुलं असतील तर हे होईपर्यंत त्या कपाटाकडे कुणाला फिरकू देऊ नका.

आता मूळ प्रश्न. मी सोळा वर्षं घरी बिअर करतोय, महिन्याला साधारण एक बॅच. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. माझं मत स्पष्ट आहे: यंत्र आत्ता घेऊ नका, आणि थांबायचा तर विचारही करू नका. ज्याला तीन बिघडलेल्या बॅचचे तीन वेगळे वास इतके नेमके सांगता येतात, त्याचं नाक या कामासाठीच आहे. बरेच जण दोन-दोन वर्षं ‘काहीतरी विचित्र लागतं’ एवढंच सांगत राहतात.

यंत्र का नको, ते सांगतो. बिअर करण्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात आपण माल्टचा गोड काढा तयार करतो, त्यात हॉप्स, म्हणजे कडवटपणा आणि गंध देणारी फुलं, उकळतो आणि तो निववतो. या काढ्याला वर्ट म्हणतात. हे एका दिवसाचं काम. दुसऱ्या भागात यीस्ट त्या वर्टची बिअर करतं आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात. तुम्ही म्हणताय ते यंत्र पहिल्या भागाचं आहे. माल्ट भिजवायचं पाणी ते ठरलेल्या अंशावर ठेवेल, उकळेल, गाळायला मदत करेल. पण तुमचे तिन्ही दोष दुसऱ्या भागात जन्मले आहेत. अर्कापासून केलेला वर्ट उत्तमच असतो, कारण तो कारखान्यात नीट मोजूनमापून बनलेला असतो. म्हणजे तुमचा वर्ट चांगला होता, आणि त्याच्याबरोबर पुढे जे घडलं ते चुकलं. हजार लिटरचं भांडं आणलं तरी तो दुसरा भाग तसाच राहणार.

तुमच्या माहितीत दोन गोष्टी नाहीत, त्यामुळे माझं निदान त्या मर्यादेतलं आहे. खोलीचं तापमान ‘बहुतेक २८-२९’ असं तुम्ही लिहिलंय, पण फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याच्या, आतलं तापमान कधी मोजलेलं नाही. आणि हायड्रोमीटर (द्रवाच्या घनतेवरून साखर किती उरली ते दाखवतो) तुम्ही प्रत्येक वेळी फक्त सुरुवातीला वापरलाय. तरीही वासांवरून बरंच कळतं.

पहिल्या बॅचचा चटका म्हणजे उष्णता. यीस्ट साखर खातं तेव्हा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तर तयार होतातच, शिवाय उष्णताही बाहेर पडते. आंबणं जोरात असताना वीस लिटरच्या फर्मेंटरमधला द्रव खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी जास्त गरम असू शकतो. खोली २८ असेल तर यीस्ट ३१ ते ३३ अंशांत काम करत होतं. नेहमीचं एल यीस्ट, म्हणजे पेल एल, स्टाउटसारख्या बिअरचं, १८ ते २२ अंशांत स्वच्छ काम करतं. त्याच्या वर नेलं की ते घाईने वाढतं आणि त्या घाईत जड अल्कोहोलं आणि इथिल ॲसिटेट सोडतं. चटका जड अल्कोहोलांचा, नेलपॉलिशचा वास इथिल ॲसिटेटचा. हे बाटलीत कितीही मुरवलं तरी जात नाही.

दुसरीचं कच्चं सफरचंद म्हणजे ॲसिटाल्डिहाइड. साखरेपासून अल्कोहोल होताना मधल्या टप्प्यावर हा पदार्थ तयार होतो. आंबणं संपत आलं की यीस्ट तो परत उचलतं आणि अल्कोहोलमध्ये बदलतं, पण त्यासाठी त्याला काही दिवस द्यावे लागतात. एअरलॉकमधले (वायू बाहेर सोडणाऱ्या, हवा आत न घेणाऱ्या झाकणावरच्या झडपेतले) बुडबुडे थांबले म्हणून तुम्ही सातव्या दिवशी बिअर बाटल्यांत भरली. काम अर्धवट असतानाच यीस्टला कामावरून उठवलं. लोण्यासारखा वास येतो तो डायॲसिटिलचा. त्याचं कारणही बरेचदा हेच असतं.

तिसरीचंही मूळ तिथेच असावं. आठव्या दिवशी बाटलीबंद, शेवटचं मोजमाप नाही. बाटलीत वायू किती आहे हे मोजायची रीत अशी: एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर वायू विरघळलेला असेल तर अडीच आकारमानं म्हणायचं, आणि साधारण बिअर याच्या आसपास असते. हायड्रोमीटरवरचे दोन अंक घसरले, म्हणजे १.०१४ वरून १.०१२ झालं, की ढोबळमानाने एक आकारमान वायू तयार होतो. समजा बिअर १.०१२ वर थांबायची होती आणि तुम्ही ती १.०१८ वर असताना भरली. सहा अंक उरले, म्हणजे तीन आकारमानं जास्तीची, आणि तुम्ही घातलेल्या साखरेची वेगळी. साडेपाचच्या घरात गेलेला दाब साध्या बाटलीला पेलत नाही. जंतुसंसर्ग हे दुसरं शक्य कारण आहे. यीस्टला न पचणारी साखर काही रानटी यीस्ट आणि जीवाणू बाटलीत सावकाश खात बसतात. उरलेल्या बाटल्या उघडाल तेव्हा चव बघा. आंबट, औषधी किंवा पातळ-कोरडी लागली तर संसर्ग. नुसताच फेस जास्त आणि चव बरी असेल तर घाई.

म्हणजे तीन बॅच, तीन दोष, आणि मुळं दोनच: तापमान आणि घाई.

तापमानाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घरच्या बिअरची बाजी माझ्या अनुभवात इथेच जिंकली किंवा हरली जाते. जुन्या लोकांना यीस्ट ठाऊकच नव्हतं. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध नियमात बिअरसाठी पाणी, जव आणि हॉप्स एवढीच नावं आहेत, यीस्टचा उल्लेख नाही. पण उन्हाळ्यातली बिअर बिघडते हे त्यांनी अनुभवातून ओळखलं होतं. म्हणून तिथेच १५५३ मध्ये फर्मान निघालं आणि २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायला बंदी आली. कारण माहीत नसताना उपाय सापडला होता! पुढे पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरच्या बिघाडांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, १८८३ मध्ये एमिल क्रिस्टियन हान्सेन यांनी कार्ल्सबर्ग या डेन्मार्कमधल्या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवलं, आणि कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्रांना पहिली मोठी गिऱ्हाइकं मिळाली ती बिअरच्या कारखान्यांतूनच. या धंद्याने थंडाव्यासाठी एवढा जीव टाकला तो उगाच नाही.

तुम्हाला शीतयंत्राची गरज नाही. पहिली गोष्ट, पट्टीसारखा चिकटणारा थर्मामीटर फर्मेंटरच्या भिंतीला, द्रवाच्या पातळीच्या खाली लावा. खोलीचं तापमान विसरा, यापुढे हाच आकडा खरा. दुसरी गोष्ट, फर्मेंटर मोठ्या टबात ठेवा आणि टबात निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरा. पाणी सावकाश तापतं, त्यामुळे दिवसरात्रीचे चढउतार सपाट होतात. पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन टबात सोडा. फर्मेंटरला जुना सुती कपडा गुंडाळून त्याचं टोक पाण्यात बुडवलं आणि समोर पंखा लावला की आणखी दोन-तीन अंश उतरतात; मात्र हवा दमट असेल तर पंख्याचा उपयोग कमी होतो. माझी पहिली सहा वर्षं अशीच गेली. त्यानंतर जुना फ्रिज घेतला आणि त्याला बाहेरून तापमान नियंत्रक जोडला. तुम्ही यंत्रासाठी जे पैसे बाजूला काढले आहेत त्यातले थोडे अशा फ्रिजवर घालवलेत तर मला खरोखर आनंद होईल.

हे सगळं निदान पहिले तीन-चार दिवस काटेकोर करा. बहुतेक वास यीस्ट वाढत असताना ठरतात, आणि ती वाढ सुरुवातीलाच होते. मी वर्ट १८ अंशांवर आणून यीस्ट घालतो, तीन-चार दिवस १९ च्या वर जाऊ देत नाही, आणि फेसाची टोपी बसायला लागली की बर्फ बंद करून त्याला आपोआप २१-२२ पर्यंत चढू देतो. शेवटची ही ऊब यीस्टला जागं ठेवते आणि ॲसिटाल्डिहाइड, डायॲसिटिल या दोन्हींची साफसफाई त्याच्याकडूनच होते.

आणि तापमान खाली आणणं खरंच अशक्य असेल तर? मग यीस्ट बदला. नॉर्वेच्या पश्चिम भागातल्या शेतघरांत पिढ्यानपिढ्या जपलेलं क्वाइक नावाचं यीस्ट ३० ते ४० अंशांतही नीट काम करतं. बेल्जियमच्या सेझॉन धाटणीची काही यीस्टं २५ ते ३० मध्ये खुलतात, पण त्यांचा मिऱ्यासारखा तिखट गंध बिअरमध्ये उतरतो आणि तो आवडायला हवा. लेगरच्या, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबणाऱ्या बिअरच्या, नादाला मात्र इतक्यात लागू नका. तिला १० ते १२ अंश लागतात, आठवडेच्या आठवडे.

घाईवर उपाय सोपा आहे आणि तोच सगळ्यांना जड जातो. बुडबुडे मोजणं सोडून द्या. झाकण थोडं सैल असलं तर आंबणं जोरात चालू असूनही एअरलॉक गप्प राहतो. उलट खोली तापली की विरघळलेला वायू बाहेर पडतो आणि काहीही चालू नसताना एअरलॉक बडबडतो. विश्वास हायड्रोमीटरवर ठेवा. माझा नियम: चौदा दिवसांपर्यंत फर्मेंटर उघडायचाच नाही. चौदाव्या दिवशी नमुना काढून मोजायचं, तीन दिवसांनी पुन्हा मोजायचं. दोन्ही आकडे सारखे आणि अपेक्षित जागी असतील तरच बाटल्या धुवायला घ्यायच्या. मोजून झालेला नमुना फर्मेंटरमध्ये परत ओतू नका. तो प्या आणि काय लागलं ते लिहून ठेवा. आकडा वरच अडला असेल, समजा १.०२० वर, तर फर्मेंटर हलकेच फिरवून तळाचं यीस्ट उठवा, दोन अंश ऊब द्या आणि आणखी पाच दिवस थांबा.

बाटलीत भरताना साखर प्रत्येक बाटलीत चमच्याने घालू नका. वीस लिटरला १२० ग्रॅम पांढरी साखर कपभर पाण्यात उकळून निववा, स्वच्छ भांड्यात ओता आणि त्यावर नळीने बिअर सोडा. नळीचं टोक तळाशी ठेवा म्हणजे खळखळ होणार नाही. याने साधारण २.३ ते २.४ आकारमानं वायू होतो. फर्मेंटरच्या तळाशी गाळ राहतो, त्यामुळे भांड्यात सतराच लिटर आली तर साखर त्या प्रमाणात कमी करा, सहा ग्रॅम लिटरला. मग दोन आठवडे २० अंशांच्या आसपास, अंधारात. अंधार यासाठी की उजेडाने हॉप्समधल्या कडू घटकांचा एक उग्र वासाचा गंधकयुक्त पदार्थ होतो. तपकिरी काच त्याला बरीच अडवते, हिरवी आणि पांढरी फारशी नाही.

आता स्वच्छता. तुम्ही ‘सगळं गरम पाण्याने धुतो’ असं लिहिलंय. धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं झाल्याशिवाय दुसरं होत नाही. मळाच्या थराखाली सॅनिटायझर पोचतच नाही. आधी सोडियम परकार्बोनेटसारख्या बिनवासाच्या क्लीनरमध्ये भिजवून, मऊ फडक्याने पुसून घ्या. प्लॅस्टिकच्या फर्मेंटरला तारेची घासणी कधीच लावू नका, ओरखड्यांत जंतू घर करतात. मग, वापरायच्या अगदी आधी, नंतर धुवून काढावं न लागणारं आम्लयुक्त सॅनिटायझर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात आणि लिहिलेला वेळ. त्याचा फेस भांड्यात राहिला तरी चालतो. उकळत्या वर्टला हे सगळं लागत नाही. उकळी थांबल्यानंतर वर्टला जे जे शिवेल त्या प्रत्येक वस्तूला लागतं.

एक अनुभव सांगतो. माझ्या चौथ्या वर्षात लागोपाठ तीन बॅच आंबूस निघाल्या. यीस्ट बदललं, नळ्या बदलल्या, पाणी बदललं, काही फरक पडेना. शेवटी फर्मेंटरच्या तळाचा नळ पूर्ण उघडला. आतल्या फिरकीच्या मागे जुन्या बिअरचा चिकट, करडा थर बसला होता. तो नळ बाहेरून चकचकीत दिसायचा. तेव्हापासून प्रत्येक बॅचनंतर नळाचे सगळे भाग सुटे करून भिजवतो. तुमच्या फर्मेंटरला नळ असेल तर तिसऱ्या बॅचचा संशय आधी त्याच्यावर घ्या.

निर्जंतुक करायला ब्लीच वापरू नका, आणि पाण्यातल्या क्लोरीनकडे लक्ष द्या. क्लोरीन आणि माल्टमधले फिनॉल एकत्र आले की जखमेच्या पट्टीसारखा औषधी वास येतो आणि तो अगदी थोड्या प्रमाणातही जाणवतो. नुसतं क्लोरीन उकळल्यावर उडतं, पण क्लोरामाइन उकळूनही सहज जात नाही. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची एक गोळी सुमारे ७५ लिटर पाण्याला पुरते. तुमच्या बॅचला पाव ते तृतीयांश गोळी पुरे. पाण्याच्या क्षारांबद्दल लोक पानंच्या पानं लिहितात. प्यायला चांगलं लागणारं, क्लोरीन काढलेलं पाणी अर्काच्या बिअरला चालतं. बाकीचं पुढे कधीतरी.

यीस्टबद्दल दोन ओळी. पाकिटावरची तारीख बघा. कोरड्या यीस्टचं ११ ग्रॅमचं पाकीट वीस लिटरच्या मध्यम बिअरला पुरतं. अर्धं वापरून अर्धं ठेवण्याची काटकसर करू नका. वर्ट ३० अंशांवर असताना ‘निवेल आपोआप’ म्हणून यीस्ट घातलंत तर पहिल्या बॅचची गोष्ट पुन्हा घडेल. आणि वर्ट निवल्यावर, यीस्ट घालायच्या वेळी, भांडं जोरात हलवून हवा मिसळा. हवा चालते ती फक्त याच एका क्षणी. एकदा आंबणं सुरू झालं की हवा शत्रू. तिने बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

आता तुमच्या प्रश्नात न विचारलेली पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. तुम्ही तीन वेळा तीन वेगळ्या बिअर केल्यात. त्यामागची हौस मी समजू शकतो. पण पहिल्या बॅचमध्ये शिकलेलं तुम्हाला दुसरीत तपासता आलं नाही, कारण माल्ट, हॉप्स, यीस्ट, सगळंच बदललं होतं. मी सुचवतो: पुढच्या चार बॅच एकच बिअर करा. फिकट माल्टचा कोरडा अर्क अडीच किलो, वीस लिटर तयार वर्ट. आठ टक्के आल्फा आम्ल (हॉप्समधला कडू घटक) असलेले हॉप्स, २५ ग्रॅम उकळीच्या सुरुवातीला आणि ३० ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांसाठी, एकूण उकळ ६० मिनिटं. फारसा स्वतःचा गंध न सोडणारं एल यीस्ट, एक पाकीट. सुरुवातीचा आकडा १.०४६ च्या आसपास यायला हवा, शेवटचा १.०१० च्या. दोन्हींमधल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोल मिळतं, इथे सुमारे ४.७ टक्के. उकळताना झाकण उघडं ठेवा आणि अर्क घातल्यावर पहिली दहा मिनिटं भांड्यापासून हलू नका. वर्ट क्षणात उतू जातो आणि शेगडीवर जळलेल्या साखरेचा थर बसतो.

पहिल्यांदा फक्त तापमान सांभाळा. दुसऱ्यांदा तेच, पण वर्ट दोन लहान फर्मेंटरमध्ये वाटा, एक १९ अंशांवर, दुसरा २४ वर. तिसऱ्यांदा दोन वेगळी यीस्टं. चौथ्यांदा शेवटच्या हॉप्सची वेळ बदला. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि चव घेताना तीन पेले भरायचे: दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. कुठल्या पेल्यात काय आहे ते घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला माहीत असू द्या, तुम्हाला नको. वेगळा पेला ओळखता आला तर फरक खरा आहे. मला स्वतःला या तीन पेल्यांनी फार शिकवलं. ज्या दोन हॉप्समध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे अशी माझी खात्री होती, ते मला पाचपैकी फक्त दोनदा ओळखता आले. म्हणजे नुसता अंदाज केला असता तरी जवळपास इतकंच जमलं असतं. आणि अंशांचा फरक, १९ विरुद्ध २४, दर वेळी ओळखू आला.

वहीत काय लिहायचं? तारीख, पाकिटांच्या तारखा, यीस्ट घालतानाचं तापमान, पहिले पाच दिवस सकाळ-संध्याकाळचं तापमान, सगळे हायड्रोमीटरचे आकडे, आणि दोन, चार, आठ आठवड्यांनी घेतलेली चव. चव लिहिताना ‘छान’, ‘वाईट’ नको. तुम्ही या प्रश्नात लिहिलीत तशीच लिहा.

धान्याकडे कधी वळायचं? या चारांतल्या शेवटच्या दोन बॅच मनासारख्या झाल्या की. तेव्हाही यंत्रापेक्षा मोठं पातेलं आणि त्यात मावणारी कापडी जाळीची पिशवी घ्या. दळलेला माल्ट पिशवीत, पिशवी गरम पाण्यात, तासभर ६५ ते ६८ अंश. माल्टमधली विकरं पिष्टाची साखर करतात. ६३ च्या बाजूला ठेवलंत तर बिअर कोरडी, हलकी होते, ६९ कडे नेलंत तर जाडसर, भरीव. मग पिशवी उचलून निथळू द्यायची, चोथा बाजूला, आणि पुढचं सगळं तुमच्या ओळखीचं. पहिल्यांदा ती पिशवी उघडाल तेव्हा घरभर पसरणारा भिजल्या माल्टचा तो गोड, उबदार वास, त्यासाठी तरी हे करायलाच हवं. यंत्र त्यानंतर, आणि तेही तुम्ही वर्षाला दहा-बारा बॅच करत असाल तर. जागा कमी असेल, किंवा जड भांडं उचलताना पाठ दुखत असेल, तर माझं मत बदलेल. अशा वेळी ते सोयीचं साधन आहे.

दोन किरकोळ पण आवश्यक गोष्टी. घरी बिअर करण्याचे नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्ये गेली, अमेरिकेत केंद्रीय कायद्याने १९७८ मध्ये मोकळीक दिली, आणि काही ठिकाणी ती आजही नाही. तुमच्याकडचा नियम आधी बघून घ्या. आणि कुणी गंमत म्हणून याच बिअरचं ऊर्ध्वपातन करू म्हणालं तर साफ नाही म्हणा. ते वेगळं काम आहे, बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, आणि आगीचा धोका वेगळा.

उरलेल्या बाटल्यांचं काय करायचं? स्टाउट तीन आठवडे २० अंशांच्या आसपास राहू द्या. बाटलीतलं यीस्ट सफरचंदाचा वास थोडाफार कमी करेल. पण तीही लवकर भरलेली आहे, तेव्हा आधी एक थंड करून उघडून फेस बघा आणि बाकीच्या बाटल्या झाकण असलेल्या खोक्यात ठेवा. फेस जास्त निघाला तर थांबू नका, त्याही फ्रिजमध्ये ठेवून गव्हाच्या बाटल्यांसारख्याच उघडा. पेल एल सुधारणार नाही, तरी तिच्या दोन बाटल्या नाव-तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवा. चौथी बॅच तयार झाली की तिचा एक पेला आणि या जुन्या बाटलीतला एक पेला शेजारी ठेवून आधी नुसता वास घ्या, मग घोट. त्या दिवशी तुमच्या तापमानाच्या नोंदी आणि दोन्ही पेल्यांबद्दल लिहिलेलं मला वाचायला आवडेल.